सत्तरांचा वर्ग, नऊंचा वर्ग

चार मास्तर एकत्र बसले की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. माझे किस्से मी हसत सांगायला घेते आणि सांगता सांगता डोकं तापतं. इतकी वर्षं झाली तरी!

* * *

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. ट्रेनिंग संपवून मी घोटावड्याच्या शाळेत आले. तिसरीत सत्तर पोरं! मी त्यांचे लहान लहान गोल करून बसवले. ज्याला गणित आलं त्यानं बाकीच्यांना समजवायचं.

हेडमास्तर धावत आले. "बाई, वर्ग आहे की बाजार?"

"बाजारात हिशेब पक्के होतात, सर!"

त्यांनी टेबलावर छडी आपटली. पोरं चिडीचूप. "बघा, आता सुरू झालं शिक्षण!"

* * *

मग वर्गातल्या गणपाचे वडील आले. "पगार तुमी घ्येताय, आन् शिकवतंय आमचं पोरगं?"

"काय शिकवलं त्यानं?"

"भागाकार!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मलाबी शिकीवला की घरी!"

तरी तक्रार केलीच!

* * *

सखू कातकरी वाडीवरची. पाढ्यांत एकदम तयार. तिच्या गोलात शालू होती, बागायतदाराची. शालूची आई दारातूनच कडाडली, "आमची पोरगी हिच्याजवळ बसायची न्हाई!"

शालू जागची हलेना. "आये, ती मला पाढं सांगती. तू सांगशील का?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सखूला दाराशी एकटीला बसवलं. मी अख्खा गोलच उचलून दाराशी नेला. शालूसकट!

महिन्याभरात माझी बदली झाली.

* * *

बदली कुठं? डोंगरातल्या वाडीवर. चारी इयत्ता मिळून नऊ पोरं. मी पुन्हा गोल केले. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "नऊच तर आहेत! गट कशाला?"

म्हणजे सत्तर होती तेव्हा फार म्हणून नको, आणि नऊ आहेत तर थोडी म्हणून नको! पोरांनी एकमेकांशी बोलायचं तरी कधी?

* * *

पुढच्या वर्षी तेच साहेब परत आले. खुर्चीत बसताच विचारलं, "पहिला नंबर कुणाचा?"

नऊ पोरांनी डोकी एकत्र केली. कुजबुज सुरू झाली. साहेबांचा पारा चढायला लागला. शेवटी धनगराची धोंडी उभी राहिली.

"कशात, सायेब?"

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या पोरांना साधा प्रश्नसुद्धा कळत नाही!"