बाईंची आमरी

"पाणी कोणी घातलं?"

आमच्या चाळीत हिवाळ्याच्या दिवसांत ही आरोळी गिरणीच्या भोंग्याइतकी ठरलेली. आधी बाई दोन बोटांनी ओंडका चाचपायच्या, ओल लागली की पदर कमरेला खोचायच्या आणि गॅलरीच्या कठड्याशी उभ्या राहून विचारायच्या. पाणी घालणारी तेव्हा दारामागे उभी असे.

"मुक्या जिवाला घोटभर पाणी घातलं तर काय पाप लागतं का हो बाई?" एखादी धीट विचारी.

"लागतं! मोठं पाप लागतं!"

मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिकवत असू; तिथं त्या माझ्या वरच्या आणि चाळीत शेजारच्या. कोणाशी गोड बोललेल्या मला आठवत नाहीत. तरी सांगते, त्यांचा राग खरा होता, आणि हे लिहिताना मला येतोय तोही खराच आहे.

गॅलरीत तारेनं टांगलेला एक ओंडका होता आणि त्याला चिकटलेल्या बोटाएवढ्या जाड काड्या. बाईंचा धाकटा भाऊ कारवारकडच्या जंगलात गार्ड होता. सोलापूरला निघालेल्या एका माणसाबरोबर त्यानं तो ओंडका पाठवला, आणि आठवडाभरात हिवतापानं तिकडेच गेला. सोबत ना चिठ्ठी, ना नाव. आणणाऱ्याला एवढंच ठाऊक, "दादा म्हणाले, ताईला आवडेल."

काय आवडेल? बाई दिसेल त्याला विचारत सुटल्या. जाणकार सांगत, ही आमरीतली, म्हणजे ऑर्किडमधली, कुठलीतरी जात; फूल दाखवा, नाव सांगतो. फूल यायला काय करू? तर म्हणे, आधी जात कळायला हवी!

"अहो, माझ्या भावानं शेवटचं काय पाठवलं, एवढंही मला कळू नये?" बाई चिडून म्हणायच्या. त्या चिडण्यावर लोक हसत. तुम्हीही हसला असता कदाचित.

तुळशीला घालावं तसं त्या आमरीला रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घालत. पानं भरपूर, फूल नाही. एका वर्षी पावसानं दडी मारली आणि दिवाळीनंतर नळाची धार करंगळीएवढी झाली. माणसांनाच प्यायला पुरेना, तिथं आमरीला कुठलं? पानं गळली, काड्या सुरकुतल्या. बाईंनी आशा सोडली. आणि चैत्रात त्याच काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस आले. तिला तहानच हवी होती! रानात तरी पावसाळ्यानंतर कोण तांब्या घेऊन जातं तिच्याकडे?

जाणकाराला फूल दाखवायला पुण्याला जायचं म्हणून रजा मागायला बाई शाळेत गेल्या. परत येऊन पाहतात तर एकही फूल नाही.

"गौरीला वाहिली की," चाळीची मालकीण म्हणाली. ती हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊनच आली होती. "एवढी चांगली फुलं, देवाच्या कामी तरी आली."

बाईंनी तिच्या हातातली वाटल्या डाळीची वाटी भिंतीवर भिरकावली. चाळीनं बाईंना वेडं ठरवलं. मला मात्र त्या मालकिणीचा राग आला होता, आणि तिच्या गौरीचासुद्धा. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

तेव्हापासून दिवाळी झाली की आमरीचं पाणी बंद. संक्रांतीत गड्ड्याच्या जत्रेला घरोघर पाहुणे आले की बाई दाराशी पहाऱ्याला बसायच्या, कारण पाहुण्या बायकांना त्या वाळक्या काड्यांची फार दया यायची. पुढच्या चैत्रात आमरी पुन्हा फुलली. फुललेला ओंडका मांडीवर घेऊन बाई पुण्याच्या गाडीत बसल्या. सोबत मी होते.

कॉलेजातल्या प्राध्यापकांनी पुरतं पाहिलंही नाही. "डेंड्रोबियम," ते म्हणाले आणि पुढं एक लांबलचक लॅटिन नाव. "घाटात ढिगानं सापडतं. अगदी सामान्य."

"सामान्य?" बाई कडाडल्या. "झाडावर चढून काढलंय ते त्यानं! तोही सामान्यच होता, म्हणून तर त्याला वेळेवर क्विनाईन मिळालं नाही!"

बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत त्या ते नाव घोकत होत्या, चुकत होत्या, पुन्हा घोकत होत्या.

त्यानंतर एकही चैत्र फुलांवाचून गेला नाही.

मग एका पौषात बाई न्यूमोनियानं गेल्या. करकंबहून त्यांचा चुलतभाऊ आला. त्या जिवंत असताना हा गृहस्थ कधी जिना चढला नव्हता. पुरुषमंडळी स्मशानातून परतली तेव्हा मी त्यांच्यासाठी पिठलं-भात करत होते. एकाएकी माझ्या स्वयंपाकघरात दाट धूर शिरला. पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आले. गॅलरीत नुसती तार लोंबत होती.

खाली चौकात आंघोळीच्या पाण्याचा हंडा चुलाणावर चढवलेला, आणि चुलतभाऊ डोळे पुसत फुंकर घालत होता. मला पाहून तो वैतागून म्हणाला, "कसलं लाकूड हाय हे, बाई? वरनं वाळल्यालं दिसतंय, पर काड्या आतनं लई वल्या हायत. पेटंनातच की."