पेटीत अक्षता मी टाकल्या

आमची पेटी कुणी बिघडवली, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे ते चूक आहे, आणि ही चूक आजवर मीच चालू दिली.

तेव्हा आम्ही बाळकुमला राहत होतो. दसऱ्याला वडील पेटी पाटावर ठेवून तिची पूजा करत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला ते काम माझ्याकडे आलं. बाहेरच्या लाकडाला हळद-कुंकू लावून काय उपयोग, सूर तर आत असतात, असं वाटून मी वरची फळी उचलली आणि आत मूठभर अक्षता वाहिल्या.

संध्याकाळी आरतीला बायको पेटीवर बसली. ती माहेरी शिकून आलेली, वाजवायची छान. तिने भाता हलवला मात्र, एक सूर भोंग्यासारखा सुरू झाला तो थांबेचना. पट्टीखाली दाणा अडकला असणार, हे मला लगेच कळलं. माझी धाकटी बहीण म्हणाली, "वहिनीचा हात जड दिसतोय." वडिलांनी सुनेकडे पाहिलं. मी आपट्याची पानं नीट लावत बसलो.

पेटी दुरुस्तीला मीच नेली, त्यामुळे आत काय निघालं ते घरी कळलं नाही. बायको मात्र पुन्हा पेटीला शिवली नाही.

परवा डोंबिवलीच्या घरी नातीने माळ्यावरून पेटी काढायला लावली. "आजी, शिकव ना."

"माझा हात जड आहे गं. क्लासला जा."

ती हे हसत म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. मी सगळं सांगून टाकलं.

"तांदूळ?" बायको म्हणाली. "पेटीत?"

"पूजा होती."

"मग नारळही आतच फोडायचा होतात."

नात हसत लोळायला लागली. बायकोने फोन माझ्या हातात दिला. "वन्संना लावा. स्पीकरवर."

कळव्याच्या बहिणीने शेवटपर्यंत ऐकलं. "दादा, मी वहिनीला गावभर नावं ठेवली, आणि तू ऐकत बसलास?"

"वन्सं, रविवारी या," बायको म्हणाली. "मी वाजवते, तुम्ही गा. मग कळेल कोण बेसूर आहे ते."

"येते. फक्त त्याआधी दादाचे खिसे तपासून ठेव."

तेव्हापासून बायको सकाळ-संध्याकाळ पेटीवर आहे. बोटं अडखळतात, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. चहा सध्या मी करतो.