चुन्याच्या रेघा

मुरबाडच्या आठवडी बाजारात जागा आखून द्यायचं काम माझ्या बाबांकडे होतं. थंडीतल्या पहाटे ते चुन्याची पिशवी घेऊन धुक्यात शिरत आणि त्यांच्यामागे पांढऱ्या रेघा उमटत जात. मी अर्धवट झोपेत मागून चालायची. माणसं दिसायची नाहीत, नुसते आवाज यायचे आणि टोपल्या जणू आपोआप येऊन चौकटीत बसायच्या. अजूनही डोळे मिटले की मला तो ओल्या चुन्याचा वास येतो.

आईही त्याच बाजारात वालाच्या शेंगा नि काकड्या विकायची. तिची जागा मात्र कायम शेवटची, गटाराच्या कडेला. गिऱ्हाईक तिथवर पोचेपर्यंत त्याची पिशवी भरलेली असायची. मग घरी आल्यावर भांडी आपटली जात.

"सगल्या गावाला पुढं बसवता नि बायको गटारात!"

बाबा शांतपणे म्हणत, "चुना माझ्या हातात हाय. तुलाच पुढं बसवली तर माझी रेघ कोन मानल?"

असा संताप यायचा मला त्यांचा! माणूस इतका कोरडा कसा? माझा तापटपणा आईकडूनच आलाय.

पुढे मीही रेघाच ओढायला लागले, हे मात्र फार उशिरा ध्यानात आलं. ऑनलाइन खरेदीच्या एका मोठ्या कंपनीत मी आहे. कोणी 'पापड' शोधले की कोणाचे आधी दिसावेत नि कोणाचे मागे, त्याचे नियम मी लिहिते. आठवड्यातून दोनदा आसनगावहून गाडी धरायची, बाकी दिवस शहापूरच्या घरी खिडकीपाशी. दुपारी माहुलीचा डोंगर निळसर होत जातो आणि स्क्रीनवरच्या ओळी पांढऱ्या, विरघळल्यासारख्या दिसायला लागतात.

मग कंपनीनं स्वतःचेच पापड बाजारात आणले. साहेब म्हणाले, "आपला माल वर घे." घेतला. एका ओळीचा तर बदल होता. आमच्याच तालुक्यातल्या बायांचे नागलीचे पापड पहिल्या पानावर होते, ते सातव्यावर गेले. सातव्या पानावर कोण जातं हो? त्या बायांना मी ओळखत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला ओळखायचं नव्हतं.

यंदा सरकारी चौकशी लागली. बाजार चालवणारी कंपनी आपलाच माल पुढे मांडते का, असा प्रश्न होता आणि माझा लेखी जबाब मागितला होता. साहेबांनी मजकूर तयार करूनच पाठवला: क्रम गिऱ्हाइकांच्या आवडीवरून मशीन लावतं. खाली फक्त माझी सही हवी होती. नाही केलीस तर नोकरी गेली असं समज, हे त्यांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं.

मी मुरबाडच्या घरी गेले तेव्हा आई ओटीवर शेंगा सोलत होती. बाबांना जाऊन तीन वर्षं झालीत. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी म्हणेल, कर सही, बाबासारखी अडून बसू नको.

तिनं विचारलं, "तुमच्या बाजारात कंपनीचा माल शेवटी बसवलाय काय गो?"

"नाय. पहिला."

तिनं सोललेले दाणे टोपलीत टाकले. मग म्हणाली, "जागेवरून भांडान लागलं का बाया माझ्याकडं बघायच्या नि गप व्हायच्या. मी गटारापाशी हाय म्हंजे रेघ खरी. तुझ्या बाबाशी भांडले, पन जागा नाय सोडली. तो गेल्यावर नव्या मानसानं पुढं बोलवलं, तरी नाय गेले."

इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. मला रडूच फुटलं.

लॅपटॉप तिथंच मांडीवर घेतला, साहेबांचा मजकूर पुसला आणि लिहिलं: क्रम मशीननं नाही, मी लावला. मला सांगितलं गेलं आणि मी लावला. सही केली, पाठवून दिलं.

"नोकरी जाईल आई."

आईनं टोपली सरकवली आणि शेजारी मला जागा करून दिली.