तलफबाई

आमच्या डॉक्टरीणबाई तब्येत कधी विचारत नसत. समोर बसलं की पहिला प्रश्न, "तलफ काय म्हणतेय?" जणू तलफ म्हणजे आमच्याकडे मुक्कामाला आलेली आत्याच. म्हणून आम्ही सगळे गर्दुल्ले त्यांना पाठीमागे तलफबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

हडपसरच्या एका दवाखान्यात त्या गर्दची तलफ कमी करणाऱ्या नव्या गोळीची चाचणी घेत होत्या. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी साखरेची. कोणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी धायरीहून बस बदलत जायचो. घरी माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती. चहा प्यायलो म्हटलं तरी आई कप बघून यायची.

घोळ झाला तो आमच्या भिडेमुळे. बाई एवढ्या आपुलकीनं विचारतात, त्यांच्या गोळीला नावं कशी ठेवायची? मग जो तो सांगायचा, तुमच्या कृपेनं छान, तलफ नाहीच. हात थरथरताहेत आणि म्हणे छान! एकदा बाई वैतागल्या. "अहो, मुलगी बघायला आलात का? पोहे कसेही असोत, आपलं छान!"

एका सोमवारी मात्र मला ते जमेना. आदल्या दिवशी मी पुन्हा ओढली होती. आता हाकलणार, असं धरूनच मी सांगून टाकलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कोणीतरी उपयोगाचं बोललं. बसा, चहा घ्या." ज्या गोळीपायी उमेदीची वर्षं घातली, तिच्याविरुद्धची साक्ष ही बाई चहा पाजून ऐकत होती! असं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. हळूहळू बाकीचेही खरं बोलू लागले.

शेवटी गोळी नापास झाली. बाईंनी आम्हाला घरच्यांसकट बोलावलं आणि दोष गोळीचा आहे, तुमचा नाही, असं सरळ सांगितलं. आवाज जरा कापला, तेवढंच. आज बाई नाहीत, आणि गर्दला मी त्यानंतर शिवलो नाही. पण त्या दुपारी पुढे जे झालं, ते अजून जसंच्या तसं आठवतं. बाई माझ्या आईकडे वळल्या. "मावशी, पुढच्या औषधाला खरं बोलणारा माणूस लागणार. तुमचा मुलगा येईल?"

मी पुटपुटलो, येतो.

आईनं पदर सावरला. "येतो म्हणला न्हवं? मग येनार त्यो."