चोर नसलेली गोष्ट

सोमवारी सकाळी येळ्ळूरकरअण्णा ड्रॉइंग ऑफिसात शिरले की आधी छत्री खिळ्याला अडकवायचे, काळी टोपी काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे आणि टी-स्क्वेअरला हात लावण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "काल साळोबा पुन्हा चुकला बघा."

साळोबा म्हणजे साळिंदर. कॅंटोन्मेंटातल्या एका थिएटरात रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा आणि त्याच्या आधी दहा मिनिटांचं एक कार्टून दाखवायचे. हॅट घातलेलं एक साळिंदर त्यात गुप्तहेर असे. स्वतःच्याच पाठीवरचा एक काटा उपटून, शाईत बुडवून ते टिपणं काढायचं. बरोबर मदतीला एक लांब पायांचा करकोचा. दर भागात काहीतरी चोरीला जायचं, साळिंदर माग काढायचं आणि शेवटी दर वेळी बेड्या पडायच्या त्या एका कोल्ह्याच्याच हाताला. वर्षानुवर्षं ही मालिका चालली होती. अण्णा येलहंक्याहून गाडीने, बायकोला घेऊन, ती बघायला यायचे आणि कार्टून संपलं की मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आत दोघं उठून बाहेर पडायची. दहा मिनिटांसाठी तिकीट काढणारं हे जोडपं दारावरच्या माणसाच्याही ओळखीचं झालं होतं.

मी अण्णांच्या कारखान्यात ट्रेसर म्हणून, म्हणजे पेन्सिलीची ड्रॉइंग्ज पारदर्शक कागदावर शाईने उतरवायला, लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. खानापूरहून आले होते आणि जयनगरात मामांकडे राहत होते. आजूबाजूला तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि कारखान्याची बस धरायला बरंच चालत जावं लागे. सरकारी कारखाना, कुंपण, दारावर पहारा, आणि आमच्या त्या लांबलचक हॉलमध्ये चाळीसेक पुरुषांत आम्ही तिघी मुली. अण्णा हेड ड्राफ्ट्समन. मूळचे बेळगावकडचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं आणि "मग तू आमचीच की," म्हणून त्यांच्या शेजारचं टेबल मला दिलं. कॉफी आली की "स्वल्प थांब, आधी हात पूस, ट्रेसिंगवर डाग पडला की जन्मभर जात नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रेघ जाड आली तर रागावत नसत. फक्त म्हणत, "ही रेघ जेवून आलेली दिसते."

पण अण्णांची खरी करामत जेवणाच्या सुट्टीत दिसायची. वाया गेलेल्या ट्रेसिंग पेपरचे बोटभर रुंदीचे तुकडे ते कापायचे, एका कडेला दोऱ्याने शिवायचे आणि प्रत्येक तुकड्यावर साळोबा काढायचे, आधीच्यापेक्षा केसभर पुढे सरकलेला. मग अंगठ्याने ती चोपडी फर्रकन सोडली की साळोबा चालायचा, हॅट काढायचा, करकोचा पंख उघडायचा. कोणीही बघत राहावं असं ते काम होतं. आणि त्या चोपड्यांतली गोष्ट थिएटरातली नसे. अण्णा पडद्यावरची गोष्ट घ्यायचे आणि तिच्यातली एकच बाब बदलायचे.

"पहिल्या भागात चर्चची घंटा चोरीला जाते," ते समजावून सांगायचे. "कोल्ह्याला धरतात कशावरून? चिखलातल्या पावलांवरून. आता त्या दिवशी पाऊस झालाच नाही असं धर."

मग पुढचं सगळं ते एखाद्या यंत्राची जुळणी दाखवावी तसं दाखवायचे. पाऊस नाही म्हणजे चिखल नाही. चिखल नाही म्हणजे कोल्हा घरी बसून न्याहारी करतोय. साळोबाला पहिलं यश मिळालं नाही, म्हणजे तो शहरात गेलाच नाही, गावात घड्याळं दुरुस्त करत राहिला. करकोच्याची पोस्टमनची नोकरी सुटली नाही. पुढचे सगळे भाग असे बदलत जायचे. ऑफिसातली तरुण मंडळी मुद्दाम अडचणी काढायची, मग त्या भागातल्या हिऱ्याचं काय, बोट बुडाली तिचं काय, आणि अण्णा मान हलवत म्हणायचे, "सरी, बरं. उद्या सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचे. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. काहीही बदललं तरी त्यांच्या गोष्टींत कोल्हा कधी तुरुंगात जात नसे. हरवलेली वस्तू सापडायची, पण चोर सापडायचा नाही, कारण चोर नसायचाच. मी एकदा त्यांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "कोल्हा आहे म्हणून धरतात त्याला. बघितलंय कोणी?"

माझ्या नोकरीला दोन वर्षं होत आली होती तेव्हाची गोष्ट. सीमेवरची लढाई नुकतीच संपली होती आणि कारखान्यात वातावरण बदललं होतं. दारावर पिशव्या उघडून बघत, अनोळखी माणसाशी कामाबद्दल बोलू नका अशा पाट्या लागल्या होत्या. आणि नेमकं त्याच दिवसांत यंत्राच्या एका महत्त्वाच्या भागाचं मूळ ट्रेसिंग नाहीसं झालं. ते मीच काढलं होतं आणि प्रिंट काढायला मीच दिलं होतं. परत आल्याची नोंद नव्हती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बरोबर पहाऱ्याचे अधिकारी बसले होते. त्यांनी विचारलं, ट्रेसिंग कोणाला दिलं? मी सांगितलं, प्रिंट रूमच्या मुनियप्पांना. ते परत आलं का? आता खरं उत्तर असं होतं की मला ठाऊक नाही. त्या दुपारी मी जेवायला गेले होते. पण घरी आजारी वडील, मामांचं घर, उद्या खानापुरात काय बोलतील हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि मी म्हणाले, "नाही. परत आलं नाही."

मुनियप्पा पन्नाशीचे, सडसडीत, प्रिंटच्या यंत्रातल्या अमोनियाच्या वासात राहून डोळे कायमचे लाल झालेले. त्यांना लगेच बोलावण्यात आलं. ते सांगत राहिले, "ट्रेसिंग मी परत आणलं होतं, या अम्मा जागेवर नव्हत्या, म्हणून तिथंच टेबलावर ठेवलं." कोणत्या टेबलावर, ते त्यांना आठवेना. त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. दोघांनाही सांगण्यात आलं की शुक्रवारपर्यंत जबाब लेखी द्या, मग काय ते ठरेल.

मी जागेवर येऊन कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले. अण्णांनी हात पुढे केला, म्हणून तो कागद त्यांना दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि मला बाहेरच्या व्हरांड्यात यायला सांगितलं. तिथे त्यांनी जे सांगितलं ते तोवर त्यांनी ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी ते गदगजवळ एका मोजणी कचेरीत नकाशे काढायला होते. तिथून एक जुना नकाशा गहाळ झाला. वरिष्ठांनी विचारलं, कपाटाची किल्ली कोणाकडे असते? अण्णांनी सांगितलं, शिवलिंगकडे. शिवलिंग तिथला शिपाई. वाक्य खरंच होतं. पण दुसरी किल्ली अण्णांकडे होती आणि तिच्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. शिवलिंगला काढून टाकलं. पुढे सहा महिन्यांनी तो नकाशा कपाटामागे भिंतीला चिकटलेला मिळाला. तोवर शिवलिंग गाव सोडून गेला होता. अण्णांनी बदली मागून घेतली.

"मी तेव्हा नुसतं म्हणालो असतो की दुसरी किल्ली माझ्याकडे आहे," अण्णा म्हणाले, "तर पुढं काय काय झालं असतं, ते मी रोज काढून बघतोय. साळोबा बघायच्या कितीतरी आधीपासनं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "कुसुम, तुला ठाऊक नाही, तर ठाऊक नाही असं लिही. आणि आता चोर नाही असं धर. मग कागद कुठं जाईल? कागदाला पाय नाहीत. तो जातो तो दुसऱ्या कागदाबरोबर."

त्यांनी साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. हॉलच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या नळ्या तीन भिंतींना छतापर्यंत लावलेल्या होत्या, प्रत्येकीत गुंडाळलेली ड्रॉइंग्ज. अण्णा म्हणाले, लहान कागद हरवला की मोठ्या कागदाच्या पोटात बघायचं. आम्ही एकेक नळी उघडायची, गुंडाळी टेबलावर पसरायची, परत गुंडाळायची. मी मुनियप्पांकडे बघायचं टाळत होते. ते प्रिंट रूमच्या दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी न सांगता, येऊन शिडी धरून उभे राहिले. आम्ही तिघांनी मिळून काम केलं.

त्या दिवशी दुपारी एका मोठ्या जुळणीच्या ड्रॉइंगची गुंडाळी अण्णांनी उलगडली आणि आतून माझं ट्रेसिंग टेबलावर घरंगळलं. कडेला माझी सही होती. एक सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. मुनियप्पांनी शिडीच्या पायरीवर कपाळ टेकलं.

अण्णा मात्र नळीवरची चिठ्ठी वाचत होते. चिठ्ठीवर तारीख होती आणि अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. त्या दुपारी ते मोठं ड्रॉइंग तपासून त्यांनीच गुंडाळलं होतं. मुनियप्पांनी कागद ठेवला होता तो अण्णांच्या टेबलावर, आणि तो गुंडाळीत आत गेला होता.

ती चिठ्ठी काढून खिशात घालणं त्यांना अगदी सहज शक्य होतं. खोलीत त्यांच्याशिवाय मी आणि मुनियप्पा एवढेच होतो, आणि आम्हा दोघांनाही कागद मिळाला यापलीकडे काही नको होतं. अण्णांनी ट्रेसिंग उचललं, नळी चिठ्ठीसकट काखेत मारली आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "मुनियप्पानं कागद परत आणला होता. तो माझ्या टेबलावर होता. मीच गुंडाळला. हे अक्षर माझं."

अण्णांच्या नावावर शेरा पडला आणि त्या वर्षी चीफ ड्राफ्ट्समनची जागा दुसऱ्याला मिळाली. माझी चौकशी तिथंच थांबली, मुनियप्पांचीही. घरी जाऊन मी मामींच्या हातचं गरम जेवण जेवले आणि किती दिवसांनी भूक लागली हे तेव्हा कळलं. पण सगळ्यांत हलके झाले होते ते अण्णा. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभी राहून माफी मागावी तसं काही पुटपुटायला लागले, तर ते म्हणाले, "मला आठ दिवस रजा पाहिजे. तेवढा वेळ माझं टेबल सांभाळ." आणि ते गदगला गेले.

परत आले ते एका सोमवारीच. छत्री अडकवली, टोपी ठेवली आणि मला व्हरांड्यात बोलावलं. शिवलिंग त्यांना तिथं सापडला नव्हता, पत्ता काढत काढत हुबळीला जावं लागलं. तो सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. अण्णांनी इतकी वर्षं त्याच्या आयुष्याची जेवढी रूपं काढून बघितली होती, त्यांतलं एकही खरं नव्हतं. तो भिकेला लागला नव्हता, आणि अण्णांना शाप देतही बसला नव्हता. वर्षभर फार हाल झाले, तो म्हणाला, तेव्हा तुमच्या नावानं बोटं मोडली. मग मेव्हण्यानं दुकानात घेतलं. आता दोन मुलगे आहेत. अण्णांनी दुसऱ्या किल्लीचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हातातलं चाक फिरवत राहिला.

"क्षमा केली का त्यांनी?" मी विचारलं.

"तसं काही म्हणाला नाही," अण्णा म्हणाले. "म्हणाला, हे कागदावर लिहून द्या. माझ्या पोरांना वाचता येतं. त्यांनी वाचू दे."

अण्णांनी दुकानातच बसून कन्नडात लिहून दिलं आणि खाली सही केली. शिवलिंगनं तो कागद धाकट्या मुलाकडून मोठ्यानं वाचून घेतला, पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि मग अण्णांना जेवायला बसवलं. "ज्वारीची भाकरी होती," अण्णा म्हणाले. "चार खाल्ल्या मी."

पुढे अण्णा निवृत्त झाले, येलहंक्याच्या त्यांच्या घरी मी अधूनमधून जात राहिले, आणि एका थंडीत ते झोपेतच गेले. त्यांच्याविषयी बोलताना लोक त्यांच्या चोपड्यांची आठवण काढतात. मला मात्र आठवते ती त्या सोमवारची सकाळ. अण्णांनी मला काहीच सांगितलं नव्हतं की आता तू काय कर. ते जागेवर जाऊन पेन्सिलीला टोक करायला बसले. मी थोडा वेळ व्हरांड्यात उभी राहिले आणि मग हॉल ओलांडून प्रिंट रूमच्या दारात गेले.

मुनियप्पा यंत्रात कागद सरकवत होते. मी सांगितलं की ट्रेसिंग परत आलं नाही असं साहेबांना मी म्हणाले होते, आणि खरं तर ते परत आलं की नाही हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी कागद पूर्ण आत जाऊ दिला, यंत्र थांबवलं आणि डोळे पुसले.

"गोत्तम्मा," ते म्हणाले. मला ठाऊक आहे, अम्मा. मग थोडं सरकून त्यांनी स्टूल मोकळं केलं आणि म्हणाले, "बसा. कॉफी येतेय."