तुळशीराम कासाराचा गुलाबी साबण

पनवेलच्या बाजारपेठेत तुळशीराम कासार बायकांना तोंडावरून ओळखत नसे, हातावरून ओळखत असे. बांगड्या भरताना मान वर करायची नाही, हा त्याच्या बापाचा नियम. बाप गेल्यावरही तुळशीरामानं तो इतका पाळला की एकदा सख्खी मेहुणी रस्त्यात समोरून आली तरी हा सरळ पुढं गेला. तिनं रागानं "ओ भावजी!" म्हणून हात हलवला, तेव्हा कुठं याला ओळख पटली. "अगं, तू होय! सव्वादोनाची," म्हणाला. सव्वादोन हे तिच्या बांगडीचं माप होतं.

दुकान कसलं, घरापुढचा ओटाच तो. मागं भिंतीला बांगड्यांच्या माळा, पुढ्यात पाण्याची वाटी, आणि समोर बाईला बसायला पाट. बाईनं हात पुढं करायचा. तुळशीरामानं तो दोन्ही हातांत घेऊन आधी नुसता दाबायचा. अंगठ्याचा सांधा आत वळवायचा, तळव्याची घडी करायची, आणि बोलण्याच्या नादात बाईचा हात सैल पडला की बांगडी आत. यात कसब बोटांचं जितकं तितकंच बोलण्याचं. सासूची चौकशी केली की हात आवळतो आणि माहेरची केली की सैल पडतो, हे त्याला तिशीच्या आतच कळून चुकलं होतं.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. ज्येष्ठातल्या एका दुपारी कमळाबाई बांगड्या भरायला आल्या. त्यांचे यजमान कचेरीत अव्वल कारकून, त्यामुळं कमळाबाईंच्या नाकालाही थोडा अव्वलपणा आला होता. नेमक्या त्यांच्या आधी कोळीवाड्यातल्या दोघीजणी बांगड्या भरून गेल्या होत्या. कमळाबाईंनी हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला.

"तुळशीराम, रागावू नका हं. तुमच्या हातांना सुकटीचा वास येतोय."

तुळशीराम रागावला नाही, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या खेपेला तो माल आणायला मुंबईला, भुलेश्वरात गेला, तेव्हा बांगड्यांबरोबर साबणाच्या डझनभर वड्या घेऊन आला. रंग गुलाबी, वास गुलाबाचा, आणि वेष्टनावर हातात फूल धरून हसणारी एक बाई. पाण्याच्या वाटीत आता फेस आला. फेस लावला की दाबादाबी नको, वळवावळवी नको, बांगडी सुळकन चढायची. शिवाय वास. बायका बांगड्या भरून निघायच्या त्या मनगट नाकाशी धरूनच घरापर्यंत जायच्या. आषाढात एरवी ओट्यावर माश्या बसतात, त्या वर्षी बायकांना बसायला जागा पुरेना.

कोळणीचा हात आला की मात्र तुळशीराम दोनदा फेस लावी आणि ती गेली की स्वतःचे हात कोपरापर्यंत घासघासून धुई. पुढं कमळाबाई असल्या तर? माणसानं तयारीत असलेलं बरं.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग कातडी लाल झाली, तीवर मोहरीएवढे पाण्याचे फोड आले, ते फुटले आणि हातांना भेगा पडल्या. डॉक्टरांनी पिवळं मलम दिलं. मलमानं सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या झाल्या, हात होते तसेच राहिले.

तुळशीराम विचार करणारा माणूस. त्यानं हिशेब मांडला. ज्या दिवशी कोळणी येतात त्या दिवशी खाज जास्त. ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी कमी. म्हणजे दोष मासळीचा. कोळंबी सोलून, बोंबील धुऊन आलेल्या हातांचं ते खारट पाणी आपल्या हातांत भिनलं.

"साबण बंद करून बघा की चार दिवस," बायको चंद्रावती म्हणाली.

"साबणानं घाण जाते. साबणातून घाण येईल कशी?"

"मी घाण म्हणाले का? आपलं बघा म्हणाले."

"तू चूल बघ," तुळशीराम म्हणाला. विचार करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. एकदा हिशेब जुळला की त्यांना आकडा तपासायला आवडत नाही.

आणि त्यानं भर बाजारात, नारळी पौर्णिमा महिन्यावर आली असताना, तोंडाळ हौसा कोळणीला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्या मासळीनं माझे हात गेले. हात बरे होईस्तोवर कोळीवाड्याच्या बांगड्या मी भरणार नाही."

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातली एकही सवाष्ण जुन्या बांगड्यांवर समुद्राला नारळ द्यायला जात नाही. हौसा काही बोलली नाही. टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेली. हौसा बोलली नाही याचीच बाजाराला भीती वाटली.

आठ दिवसांत उत्तर आलं, पण ते फिरून आलं. तुळशीरामाकडे बांगड्या भरून आलेल्या पाच कोळणींच्या मनगटांवर फोड उठले होते. कोळीवाडा म्हणत होता, कासाराला महारोग झालाय आणि तो हाताहातानं वाटतोय.

हा शब्द एकदा सुटला की त्याला वेशीवर कोण अडवणार? गावातल्या बायका यायच्या कमी झाल्या. ज्या आल्या त्या पाटावर बसेनात. कमळाबाईंनी तर लांबूनच माप सांगितलं आणि म्हणाल्या, "कागदात बांधून द्या. मी घरीच भरीन."

तुळशीरामानं बांगड्या कागदात बांधल्या. बाईला कागदात बांधून दिलेली बांगडी म्हणजे विकलेली काच. ती कुणीही वाणी विकेल. तीन पिढ्या बायकांनी विश्वासानं हात हातात दिले म्हणून तो कासार होता. नाहीतर त्याला काय म्हणायचं? त्या दिवशी त्यानं दुपारीच ओटा आवरला. आत घरात येऊन आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहिला, जणू कुणी दुसऱ्यानं विसरून ठेवलेत.

"लोक म्हणतात ते खरं असेल का गं?"

"चूल बघू की उत्तर देऊ?" चंद्रावती म्हणाली. पण तिचा आवाज चिरका झाला होता. मग ती त्याच्याजवळ येऊन बसली. त्या रोगाची भीती तिलाही होतीच, तरी बसली.

दुसऱ्या दिवशी हौसा आली. ओट्यावर चढली, पाटावर बसली आणि दोन्ही हात पुढ्यात आपटले. डाव्या मनगटावर फोडांचं कडं होतं. उजवा हात स्वच्छ.

"बग, कासारदादा. आता मान वर केलीस तरी चालंल."

तुळशीरामानं सवयीप्रमाणं हातांकडेच पाहिलं.

"मासली मी कंच्या हातानं साफ करते?"

"दोन्ही."

"जास्ती कंच्या?"

"उजव्या."

"मंग मासलीनं फोड येतात तर माजा उजवा हात असा कसा? लोण्यावानी?"

कोळणी बांगड्या भरतात त्या डाव्याच हातात. उजव्या हातातल्या लग्नात दर्याला दिलेल्या असतात, त्यानं धन्याला सांभाळावं म्हणून. तुळशीराम वीस वर्षं कोळीवाड्याचे फक्त डावे हात भरत आला होता, आणि ही गोष्ट इतकी रोजची की ती त्याच्या हिशेबात आलीच नव्हती.

"म्हणजे मी धरला तो हात..." तो हळूच म्हणाला. "म्हणजे माझ्यापासूनच. लोक म्हणतात ते खरं."

"नायतर तुज्या त्या वासाच्या वडीपासून," हौसा म्हणाली. "आमी मानसं गप नाय बसत, करून बगतो. आन ती वडी."

तिनं साबण घेतला, तुळशीरामाला शिवू न देता स्वतः वाटीत भिजवला आणि उजव्या मनगटाभोवती फेसाचं कडं काढलं. उरलेली वडी पदरात बांधली. "रोज लावीन. तू हात नाय लावलास, ध्यानात ठेव. फोड आले तर वडीचे, नाय आले तर तुजे."

"आणि हौसाबाय, त्या हातालाही आले तर? तो हात तर दर्याचा," तुळशीराम म्हणाला.

"दर्यानं बांगड्या घेतल्यान, साबन नाय घेतला," हौसा म्हणाली. मग कमरेची पिशवी सोडून तिनं एक बाटली काढली. "आनि ह्या तुला. कोलंबीचा पानी. तू आमच्या मासलीला नावं ठेवलीस ना? दंडाला लाव. वरती, जिथं कातडी साबूत हाय तिथं. चार दिवस."

चंद्रावतीनं नवऱ्याच्या दंडाला कोळंबीच्या पाण्यात भिजवलेली चिंधी बांधली आणि त्याचं अंथरूण पडवीत घातलं. चार दिवस तुळशीरामाचा वास त्याच्या आधी पोचत होता. आळीतली मांजरं त्याच्या मागून चालत. बाजारातले लोक विचारत, "काय कासारबुवा, धंदा बदलला की काय?" तो हसण्यावारी नेई. पण घरी आला की दर घटकेला चिंधी उचलून बघे. दंड लाल व्हावा असं त्याला वाटे. दंड लाल झाला असता तर दोष मासळीचा ठरला असता, तो बरोबर ठरला असता आणि भर बाजारात बोललेलं परत घ्यावं लागलं नसतं. कातडी मात्र जशीच्या तशी, वर नुसता वास.

चौथ्या दिवशी बाजाराच्या त्या टोकापासून हौसाचा आवाज आला. ती हात वर धरून येत होती. उजव्या मनगटाभोवती लाल कडं, फेस जिथं लावला तिथंच, जणू मापानं भरलेली बांगडी.

"वडीचे!" ती ओरडली. तिला खाज असह्य झाली होती आणि आनंदही. "वडीचे फोड हायेत! रोगबीग काय नाय तुला!"

तुळशीराम ओट्यावर बसला. चंद्रावती आतून आली, तिनं उरलेल्या वड्या उचलल्या आणि एक शब्दही न बोलता मोरीत नेऊन ठेवल्या. तिच्या त्या न बोलण्याला तो पुढं कितीतरी वर्षं घाबरत असे.

"पण कमळाबाईंना का नाही झालं काही?" त्यानं विचारलं.

"त्या मिठात हात नाय घालत. आमच्या हाताला काटे लागतात, शिंपी लागतात, आनि तू दोनदा चोपडतोस." हौसा मनगट पदरानं चोळत म्हणाली. "का चोपडतोस दोनदा, त्या पन आमाला ठावं हाय."

तुळशीरामानं मान खाली घातली. ती आधीच खाली होती, तरी.

"पौर्णिमेला तीन दिस हायेत," हौसा म्हणाली. "कोलीवाड्यात माजं कोन नाय ऐकत. बायका बोलतात, हौसाला कासारानं फुकट बांगड्या कबूल केल्यान. तू ये. तुज्या तोंडानं सांग."

"सगळ्यांसमोर?"

"बोललास सगल्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम हिरव्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून कोळीवाड्यात गेला. हौसाच्या अंगणात तीसेक बायका जमल्या होत्या, पण त्याच्यापासून चार हात लांब. त्यानं पुढ्यात नुसत्या पाण्याची वाटी ठेवली. वाटीसमोर बसून आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हौसा सोडली तर यातल्या एकीचंही तोंड त्याला ओळखीचं नाही.

"माझे हात तुमच्या मासळीनं गेले असं मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "ते खोटं होतं. साबण माझा होता. तुमच्या हाताला वास येतो म्हणून मी तो दोनदा लावत होतो. तुम्हाला फोड आले ते त्यानंच. रोग नाही मला. पण चूक आहे."

बायका आपापल्या मनगटांकडे बघू लागल्या.

मग म्हातारी भामा उठली. कोळीवाड्यात तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. तिच्या हाताचे सांधे सुजलेले, आणि त्या हातावर गावातला कुठलाही कासार साबणाशिवाय बांगडी चढवू म्हणणार नाही. ती वाटीसमोर बसली आणि डावा हात पुढं केला.

तुळशीरामानं तो घेतला. त्याच्या स्वतःच्या भेगा अजून मिटल्या नव्हत्या, पाणी लागताच झोंबल्या. त्यानं तळवा दाबला, अंगठा वळवला, माहेरची चौकशी केली. पहिली बांगडी सांध्यावर पिचली. बायकांत कुजबुज झाली. दुसरी पिचली. फेसानं दोन महिन्यांत बोटांची जुनी विद्या बुजवून टाकली होती. तिसरीचा तुकडा म्हातारीला लागून रक्ताचा थेंब आला, आणि तुळशीरामानं हात सोडून दिला.

भामानं हात मागं घेतला नाही. तो तसाच त्याच्यासमोर धरून ठेवला. तुळशीरामानं तो परत हातात घेतला आणि काही न बोलता नुसता दाबत राहिला. बराच वेळ. सांधा कुठं देतोय आणि कुठं अडतोय, ते बोटांना हळूहळू आठवत गेलं. चौथी चढली.

"दुखलं का, आजी?"

"दुखला," भामा म्हणाली. "दुसरी भर."