मागची सीट नसलेली गाडी

आयडाहोतला माझा मित्र मूळचा नागपूरचा. मे महिन्यात डोक्याला ओला रुमाल बांधून वाढलेला हा माणूस आता बर्फाच्या डोंगरांवर स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी मोटरसायकल, चालवतो, आणि त्याबद्दल इतक्या गंभीरपणे बोलतो की त्याचे आजोबाही हेच करत असावेत असं वाटावं. त्या हिवाळ्यात त्याला स्वतःची गाडी घ्यायची होती. दोन मॉडेल्समध्ये जीव अडकला होता, म्हणून दोन्ही भाड्याने आणून एकाच डोंगरावर चालवून पाहायच्या असा बेत ठरला. आम्हा नवरा-बायकोला त्याने देशाच्या दुसऱ्या टोकाच्या श्रूजबरीहून परीक्षक म्हणून बोलावलं.

"तू जाडा, वहिनी बारीक," तो फोनवर म्हणाला. "दोन्ही वजनांचा रिपोर्ट मिळते मले."

बायको लगेच हो म्हणाली, याचं मला नवल वाटलं. दोन हिवाळ्यांपूर्वी ऑफिसातून येताना रस्त्यावरच्या त्या न दिसणाऱ्या, काचेसारख्या बर्फावर तिची कार गर्रकन फिरली आणि हायवेवर उलट्या तोंडाने थांबली. तिला खरचटलंही नाही. पण घरी येऊन तिने किल्ली जी ठेवली, ती परत उचलली नाही. तेव्हापासून मी सारथी. ऑफिस, भाजी, मंडळाचा गणपती, सगळीकडे मी नेणार आणि मीच आणणार. एकदाच काय ती किल्ली घेऊन एकटीच अंगणातल्या कारमध्ये जाऊन बसलेली मला खिडकीतून दिसली. इंजिन चालू होतं. बऱ्याच वेळाने ते बंद झालं, ती आत आली आणि तिने चहा टाकला. मी आल्याचा तुकडा किसून दिला.

डोंगरावर पोचलो तर दोन्ही गाड्या ट्रेलरवरून उतरवून तयार होत्या. एक हलकी, सडपातळ, नुसतं वजन टाकलं की कलणारी. पण सुरू व्हायला नखरे फार, आणि चढावर तापली की रबर जळल्यासारखा वास सोडायची. दुसरी जड, थोराड, पहिल्या झटक्यात सुरू होणारी आणि दिवसभर तक्रार न करणारी, मात्र वळवताना खांद्यांचा जीव घेणारी. मित्र हलकीच्या प्रेमात होता. मी जडचा पक्ष घेतला, कारण डोंगरात बंद पडणारं काहीही मला सुंदर दिसत नाही.

"हँडलिंग पाह्य बे हिचं," तो म्हणाला.

"हँडल करायला आधी ती चालू तर होऊ दे," मी म्हणालो.

मग मी जड गाडीवर ऐटीत बसलो आणि बायकोला म्हणालो, "चल, बस मागे." तीही सवयीने आली, एका हाताने माझा खांदा धरला आणि पाय टाकून बसली. पुण्यात स्कूटरवर आम्ही वर्षानुवर्षं असेच फिरलो होतो. मागे सीट नाही, नुसता पत्रा आहे, हे आम्हा दोघांनाही खटकलं नाही. माणसं दोन आणि गाडी एक, तर मागे बसायचं, एवढं आम्हाला कळत होतं.

मित्र लांबून ओरडला, "काय करून राहिला बे?" पण मी थ्रॉटल दाबून मोकळा झालो होतो.

डोंगरी स्नोमोबाइलवर एकानेच, तेही बहुतेक वेळ उभं राहून, तोल सावरत जायचं असतं. आमच्या दोघांच्या भाराने गाडीचा मागचा भाग भुसभुशीत बर्फात रुतला, पुढचा आकाशाकडे निघाला, आणि सगळा संसार सावकाश एका कुशीवर आडवा झाला. मी पालथा. बायको कमरेपर्यंत बर्फात उभी, टोपी तिरकी, आणि हसत होती. ते हसू मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो, म्हणून जरा वेळ तसाच पडून राहिलो.

गाडी सरळ करायला आम्ही तिघं लागलो. ती उभी राहिली तशी बायकोने हातमोजे झटकले.

"आता तू लांब उभा राहा," ती मला म्हणाली. "भाऊजी, ती हलकी कशी चालवतात ते सांगा मला."

मित्राने तिला खालच्या सपाट माळावर नेलं. कसं उभं राहायचं, गाडी अंगाकडे कशी ओढायची, सुटतेय असं वाटलं तर घट्ट आवळण्याऐवजी हात कसे सैल सोडायचे, सगळं दाखवलं. पहिल्याच वळणावर ती पडली. मी धावलो, म्हणजे त्या बर्फात जितकं धावता येतं तितकं. तिने हात वर करून मला थांबवलं. खालच्या बाजूला गेली, पायाने बर्फ दाबून जागा केली, हँडल धरून मागे रेलली, आणि गाडी हळूहळू सरळ झाली. इंजिनाची दोरी ओढून ओढून ती सुरू केली. परत पडली. परत उभी केली. मी तिथेच उभा राहिलो. हातांचं काय करावं ते मला कळेना.

दुपारी तिने जड गाडीही चालवली आणि मग निकाल दिला. "हलकी घ्या, भाऊजी."

"पण ती बंद पडते," मी म्हणालो.

"पडू दे. ती जड बंद पडणार नाही, पण आडवी झाली की सहा हात लागतात. हिला मी एकटी उभी करू शकते. मला हीच भरवशाची वाटते."

मित्राने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

परत निघताना मित्र गाड्या ट्रेलरवर बांधत होता. मी आमच्या भाड्याच्या कारचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं, तर बायको तिथेच उभी. हात पुढे केलेला. मी किल्ली दिली आणि कारला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. त्या बाजूला बसायची सवयच राहिली नव्हती. घाट उतरताना मी समोरच्या मोकळ्या जागेत जोरजोरात ब्रेक दाबत होतो.

"पाय वर घे," ती म्हणाली. "भोक पडेल."

एका वळणावर मागची चाकं किंचित सरकली. तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग तिचे खांदे खाली आले, बोटं सैल झाली, कार आपोआप रेषेत आली. ती थांबली नाही.

खाली पेट्रोल पंप लागला. इथे बदलू या का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दमलायस," ती म्हणाली. "झोप जरा."

मी तिच्या समाधानासाठी डोळे मिटले. घोरण्याचाही थोडा अभिनय केला. पुढचं मला आठवत नाही, कारण मी खरंच झोपलो. तिने दंडाला हलवलं तेव्हा कार मित्राच्या घरासमोर उभी होती.